चिखलाची रेघ

धुण्याच्या तळघरात माझी पाळी मंगळवारी, नऊ ते बारा. बावीस वर्षं तीच आहे. त्या दिवशी यंत्रातून चादरी काढताना डाव्या पायाला गार लागलं म्हणून खाली पाहिलं, तर जमिनीतल्या जाळीतून पाणी वर येत होतं. आवाज नाही, फेस नाही. एक घोट वर यायचा, थांबायचा, मग दुसरा. माझ्या लोकरीच्या सपातीचं टोक भिजून काळं झालं होतं. पाणी म्हणावं तर बशीभर. पाय बाजूला घ्यायला काय लागतं? पण मी घेतला नाही. ओली चादर छातीशी धरून उभी राहिले आणि सपातीवरची ओली कड कुठपर्यंत चढली ते बघत राहिले. शिवणीपर्यंत. शिवणीच्या वर एक बोट. मी वाचत होते. एकोणसाठ वर्षांत नदीच्या काठी उभी राहून मी काही वाचलं नव्हतं, आणि आता ट्रोनहाइम शहरातल्या एका इमारतीच्या तळघरात, साबणाच्या वासात, माझे डोळे आपोआप ते काम करायला लागले होते.

"ओड्नीबाई, धुणं चाललंय की मासे धरताय?" दारातून स्नोरे म्हणाला. तिसऱ्या मजल्यावरचा. पूर्वी ट्राम चालवायचा, अजूनही बोलताना मागच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलतो.

"जाळी तुंबलीय."

"तुंबलीय कुठली! तीन दिवस आभाळ फाटलंय. गटारं पोट भरून ओकताहेत. सरका की बाई, पाय भिजतोय तुमचा!"

मी सरकले. त्यानं फडकी आणली, जाळीवर वीट ठेवली आणि आता बघतो कसं येतं ते, असं पाण्यालाच सांगितलं. मी हसले असेन. एप्रनच्या खिशात फोन होता आणि त्यात सकाळी आठचं एलिफचं चित्र होतं. ते मला मांडीला जाणवत होतं, गरम काही ठेवल्यासारखं.

एलिफ माझ्या भावाचा मुलगा. शेल्वा नदीकाठची आमची शेती आणि कॅम्प आता तो चालवतो. वरच्या अंगाला तंबूंची जागा, कॅरॅव्हॅनची जागा, आणि खाली सपाटीवर त्यानं परवाच्या वसंतात बांधलेल्या नऊ नव्या केबिनी. चित्रात तो पूरशिळेजवळ उभा होता, टोपीवरून पाणी गळतंय, आणि हाताचा पंजा शिळेवरच्या सगळ्यात वरच्या रेघेवर. खाली लिहिलं होतं: 'तंबूवाले सगळे चिंब. हलवले त्यांना नव्या केबिनींत. जमीन तुझ्या रेघेच्या वर एक वीत! वॉफल चालू आहेत. काळजी नको, आत्या.' मी चष्मा लावून ते दोनदा वाचलं होतं, आणि उत्तरादाखल अंगठा पाठवला होता. तो पिवळा, वर केलेला अंगठा. मग चादरी घेऊन खाली आले होते.

माझी रेघ. आमच्या खोऱ्यात तिला तसंच म्हणतात. शिळेवर पाच पुरांच्या पाच रेघा आहेत, आणि सगळ्यात वरची, चारशे बारा सेंटीमीटरची, ती ओड्नीची. शाळेतली मुलं सहलीला येतात तेव्हा बाई सांगतात की एकोणीस वर्षांची मुलगी दिवसभर पावसात उभी राहिली आणि दर तासाला नदी वाचली. एलिफ लहानपणी ते इतर मुलांना रंगवून सांगायचा. त्याच्या गोष्टीत पाणी माझ्या कमरेपर्यंत यायचं. मी तिथे असले की सगळी मुलं माझ्याकडे वळून बघायची आणि मी कॉफीचा कप उचलायची.

नदी वाचणं हे आमच्या घरचं काम होतं. वडील, इंगेब्रिग्त, रोज सकाळी आठ वाजता खाली वळणावर जायचे, जिथे मासेमारीच्या चार जुन्या केबिनी होत्या. बाहेरून डांबर लावलेल्या काळ्या, आतून पांढऱ्या, आडव्या ओंडक्यांच्या. तिथे खांबावर खुणा केलेली पट्टी होती. वडील टोपी काढायचे. का ते मला कधी कळलं नाही, पण पट्टीसमोर ते टोपी काढायचे, वाकायचे, आकडा पुटपुटायचे, आणि लगेच लिहायचे नाहीत. तोंड फिरवून पलीकडच्या डोंगराकडे बघायचे, मग परत वाकून पुन्हा वाचायचे. दोन्ही वेळा तोच आला तर वहीत. "पहिल्यांदा आपण वाचतो ते आपल्याला हवं असलेलं," ते म्हणायचे. "दुसऱ्यांदा वाचतो ते नदीचं." मग घरी येऊन फोनवर तो आकडा जलखात्याच्या कचेरीत कळवायचा. पूर असला तर तासातासाला, कारण खालच्या गावांतले लोक आमच्या आकड्यावर गुरं हलवायचे. एवढं सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं म्हणायची सोय मला कधीच नव्हती.

त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी असाच पाऊस लागला. वडिलांची छाती भरली होती, उठले तर धाप लागायची. रविवार होता. आईनं मला वडिलांचा रेनकोट घातला, खिशात मनुका घातलेले दोन पाव ठेवले, आणि मी वही पेन्सिल घेऊन निघाले. सकाळचे तीन आकडे मी खरे वाचले. तीनशे पन्नासला केबिनींच्या जमिनीला पाणी टेकतं हे लहानपणापासून पाठ होतं, आणि अकरा वाजता ते टेकलेलं मी पाहिलं. चौथ्यांदा गेले तेव्हा वाटेतल्या ओढ्यावरची फळी अजून होती, पण तिच्या खालून पाणी वाहत नव्हतं, तिला ठोकत होतं. टक, टक. कोणी दार वाजवावं तसं. फळीच्या पलीकडे वीस पावलांवर वळणाचा उंचवटा होता, तिथून पट्टी दिसली असती. मी एक पाय फळीवर ठेवला. लाकूड बुटातून थरथरत वर आलं, गुडघ्यात, पोटात, दातांत. मी पाय काढून घेतला. आजपर्यंत कोणाला हे सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, अगं, पोरगी होतीस, घाबरलीस, त्यात काय! आणि ते खरंच असतं. घाबरण्याची मला लाज नाही. त्यानंतर मी केलं त्याची आहे.

मी गवताच्या कोठारात गेले, वर चढले आणि बसले. उबदार होतं. नवीन गवताचा वास होता. वही मांडीवर घेतली आणि बारा वाजताच्या घरात लिहिलं, तीनशे चौऱ्याहत्तर. बरं दिसलं. घरी जायच्या आधी कोठाराच्या पन्हाळीखाली उभी राहून मी रेनकोट, केस, बाह्या नीट भिजवून घेतल्या. आईनं फोनपाशी माझं डोकं टॉवेलनं पुसलं. "माझं पिल्लू गं," म्हणाली. ती मला पिल्लू कधी म्हणत नसे. एकला तीनशे एकोणनव्वद. दोनला चारशे. मग सात वाढवले, मग पाच, कारण चढणारं पाणी थकत थकत चढतं हे मला माहीत होतं, आणि मला तो चढ चांगला जमत होता. हेच मला सांगवत नाही. मला तो जमत होता, आणि आवडत होता. चारला चारशे बारा. पाचलाही चारशे बारा, कारण माथ्यावर पाणी जरा विसावतं. सहाला चारशे नऊ. अशी देखणी नोंद वडिलांच्या वहीत दुसरी नव्हती. मधे कधीतरी मी दोन्ही पाव खाल्ले.

चारच्या फोननंतर लगेच घंटी वाजली. खालच्या अंगाचा हाल्दोर होता. त्याच्या मेंढ्या बेटावर चरत होत्या.

"काय म्हणतंय पाणी, पोरी? जेवून घेऊ की आत्ताच होडी काढू?"

"थांबलंय," मी म्हणाले. "चारशे बारावर उभं आहे."

"शाबास. मग आधी बटाटे गिळतो, नाहीतर बायको मलाच बुडवेल."

त्याच्या सात मेंढ्या गेल्या. माणूस एकही गेलं नाही. पुढे कित्येक वर्षं मी हे वाक्य मनात उलटंसुलटं करत असे, दात दुखायला लागला की जीभ जाते तसं: माणूस एकही गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर केबिनींकडे पहिली मी गेले. पट्टी खांबासकट वाहून गेली होती. बाहेरच्या काळ्या भिंतींवर काही दिसत नव्हतं. मग मी तीन नंबरचं दार खांद्यानं ढकललं. आतल्या पांढऱ्या भिंतीवर, चारी बाजूंनी, पट्टीनं आखल्यासारखी चिखलाची रेघ होती. चारशे बारा असतं तर ती माझ्या गुडघ्याच्या जरा वर हवी होती. ती माझ्या छातीशी होती. मी मोजलं. खालून सहाव्या आणि सातव्या ओंडक्याच्या सांध्यात. कॉफीची किटली टांगायचा आकडा तिच्या खाली होता आणि किटलीत कॉफी नव्हती, चिखल होता. मी दार ओढून घेतलं. मग घरी जाऊन हिरव्या साबणाचा डबा, दोन बादल्या आणि खरखरीत ब्रश घेऊन आले.

दोन दिवसांत चारही केबिनी धुतल्या. छतापासून जमिनीपर्यंत. सांध्यांत चिखल राहत होता तो विणायच्या सुईनं काढला. हात सोलले. बायका येऊन दारातून बघत. "काय पोरगी आहे! अजून घरात चूल पेटली नाही आणि हिनं मासेवाल्यांच्या केबिनी लख्ख केल्या!" आमच्याकडे घासणाऱ्या बाईला कोणी काही विचारत नाही. चौथ्या दिवशी कचेरीचा माणूस तिपाईवरचं यंत्र घेऊन आला. आत गेला, भिंतींवरून हात फिरवला, बाहेर आला. काठावरच्या एका झाडाला उंच कुठे गवताचा झुपका अडकला होता त्याकडे त्यानं बराच वेळ पाहिलं. "लाट उडाली असेल," तो स्वतःशीच म्हणाला. मग माझी वही मागितली. पानं बघता बघता त्याचा चेहरा मऊ झाला. "असं काम हल्ली कोण करतं?" तो म्हणाला, आणि माझ्या सोललेल्या हातांकडे बघून त्यानं टोपी काढली.

वडील महिन्यानं उठले. काठी टेकत केबिनींपर्यंत गेले, तीन नंबरमध्ये शिरले. मी मागे उभी होते. त्यांनी भिंत पाहिली, किटलीचा आकडा पाहिला, मग फळ्यांचं कपाट थोडं पुढे ओढलं आणि मागे डोकावले.

"कपाटाच्या मागंही धुतलंस?"

"हो."

"बरं केलंस," ते म्हणाले. कपाट परत जागेवर ढकललं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता वही त्यांच्या खिशात होती. नवी पट्टी लागली होती. बर्फ असो, ताप असो, मरेपर्यंत अकरा वर्षं तेच गेले. मी सुट्टीला घरी आलेली असले तरी एकदाही म्हणाले नाहीत, ओड्नी, आज तू जा. ग्रामपंचायतीनं मला दिलेलं मानपत्र आईनं चौकट करून जेवणघरात लावलं. समारंभात हाल्दोरनं माझे दोन्ही हात धरले होते, सात मेंढ्या गेलेल्या हाल्दोरनं. वडिलांनी एक दिवस आपली खुर्ची टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेली. उजेड बरा येतो म्हणाले. तिथे बसलं की मानपत्राकडे पाठ व्हायची. पुढच्या वसंतात मी शहरात आले, दातांच्या डॉक्टरांकडे फोन घ्यायला लागले आणि तिथेच पस्तीस वर्षं काढली.

हे सगळं मी चादरी टोपलीत घालून जिन्यानं वर येईपर्यंत. ओल्या सपातीचे ठसे प्रत्येक पायरीवर, फक्त डावे. स्वयंपाकघरातल्या घड्याळात अकरा वाजायला दहा मिनिटं होती. रेडिओवर शेल्वाचं नाव घेतलं: संध्याकाळपर्यंत चारशे ते साडेचारशे. मी कॉफी ठेवली. कॉफी होईपर्यंत थांबू असं ठरवलं. मग कप घेऊन बसू, मग. सपाटीवरून वर यायला एकच रस्ता, आणि तो मधे खोलगट आहे. तिथे पाणी केबिनींच्या कितीतरी आधी येतं. एलिफ मूर्ख नाही. कचेरी काय सांगेल ते ऐकेल. आणि मी काय सांगणार? कारण न सांगता सांगता येईल असं काहीतरी मी शोधत होते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, भिजलेली सपाती पायात घालून, मी परत कोठारात बसले होते आणि बरा दिसेल असा आकडा शोधत होते. ते लक्षात आल्यावर फोन उचलला.

"आत्या! वॉफल हवेत का? पार्सल पाठवतो नदीतून." मागे पोरांचा गलका, भांड्यांचा आवाज.

"एलिफ, लोकांना वर हलव. शाळेत ने. आत्ताच."

"का गं? तिकडे काय सांगतायत?"

"साडेचारशे."

"ते नेहमी जास्तच सांगतात, आपली मान सोडवायला. आत्या, शिळा आहे ना! शंभर वर्षांत चारशे बाराच्या वर गेलं नाही. माझी जमीन चारशे बत्तीस. बत्तीस माणसं आहेत, लहान पोरं, एक पोटुशी बाई. आत्ता कुठे सुकलीत. परत पावसात काढू?"

"काढ."

तो हसला. प्रेमानंच हसला. "काय हे! दिवसभर पुरात उभी राहिलेली बाई तू, आणि आता चौथ्या मजल्यावर बसून घाबरतेस?"

"मी उभी नव्हते."

"काय?"

"मी उभी नव्हते, एलिफ. मी कोठारात बसले होते. आकडे मी मनानं लिहिले. अकराच्या पुढचा एकही खरा नाही." माझा आवाज अगदी साधा येत होता, डॉक्टरांच्या वेळा सांगाव्यात तसा. "तीन नंबरमध्ये पाणी सहाव्या आणि सातव्या ओंडक्याच्या सांध्यापर्यंत आलं होतं. म्हणजे चारशे सत्तर. मी ते धुऊन टाकलं."

पलीकडे कोणीतरी साखर मागत होतं. एलिफनं फोनवर हात ठेवला असावा, सगळं बधिर झालं. मग परत त्याचा श्वास.

"चारशे सत्तर."

"हो."

"मी बांधत होतो तेव्हा तू आली होतीस," तो म्हणाला. "पायाभरणीला. केक आणला होतास."

"हो."

"हे तुला आज आठवलं?"

"रोज आठवतं."

त्यानं फोन ठेवला. मी रिसीव्हर धरल्यासारखा तो मोबाइल कानाशी धरून बसले. कॉफी उतू जाऊन शेगडीवर करपली होती.

संध्याकाळी रेडिओनं सांगितलं की शेल्वाकाठच्या कॅम्पवरून दुपारी एकपर्यंत सगळ्यांना शाळेत नेलं, दोनला रस्ता गेला, चारला नव्या केबिनींत पाणी शिरलं. कोणाला इजा नाही. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं ते एवढंच, की आता ते सगळ्यांना कळलं असेल. जेवणघरात, शाळेच्या हॉलमध्ये, ओल्या मोज्यांच्या रांगेखाली, वॉफल खात. मी फोन उलटा ठेवला. दुसऱ्या दिवशीही उलटाच होता. तिसऱ्या दिवशी स्नोरेनं दार वाजवलं, तुमच्या पुतण्याचा निरोप आहे म्हणाला, एलिफनं इमारतीच्या फलकावरून स्नोरेचा नंबर शोधून काढला होता. "म्हणतो, पाणी मोजायचं यंत्र ओंडक्यानं मोडलं. भिंती धुतलेल्या नाहीत. आत्याला म्हणावं, ये आणि वाच." स्नोरेनं माझ्याकडे पाहिलं. "काय वाचायचंय?"

"नदी," मी म्हणाले.

आगगाडीनं तीन तास, मग एलिफची मोटार. माझी पिशवी त्यानं घेतली. सपाटीवर सगळीकडे तो वास होता, थंड, गोडसर, मी विसरले असं समजत होते तो. जुन्या केबिनींतल्या तीन नंबरच्या बाहेर गावातली दहाबारा माणसं उभी होती, बादल्या आणि ब्रश घेऊन. हिरव्या साबणाचा डबाही होता. कोणी हात लावला नव्हता. हाल्दोरची सून पुढेच होती. तिनं मान हलवली नाही, नजरही काढली नाही. बाजूला सरकली, मला दारातून जाता येईल एवढीच.

आत नवी रेघ माझ्या कमरेशी होती. पाचव्या ओंडक्यावर, ओली, स्वच्छ. एलिफनं जमिनीवर मापपट्टी उभी केली. मी टोपी काढली, वाकले. शहाण्णव. जमीन तीनशे पन्नास. मी दारातून बाहेर पलीकडच्या डोंगराकडे पाहिलं, परत वाकले. शहाण्णव.

"चारशे सेहेचाळीस," मी म्हणाले, आणि त्यानं लिहिलं.

"आणि ती?" तो म्हणाला. फोननंतर माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. "शिळेवर तीही घालावी लागेल. कुठे होती?"

मी सहाव्या आणि सातव्याच्या सांध्यात नख घातलं आणि ओढत कोपऱ्यापर्यंत नेलं. त्यात काही नव्हतं. धूळ, रंगाचा पोपडा. एवढ्या वर्षांत कुठेतरी कणभर चिखल राहिला असेल असं वाटलं होतं मला, पण मी काम चोख केलं होतं. एलिफ पेन्सिल धरून थांबला होता. पुन्हा एकदा माझ्या शब्दाखेरीज कोणाच्या हातात काहीही नव्हतं.

"नक्की, आत्या?"

दारात माणसं दाटली होती. बादलीची कडी वाजली आणि कोणीतरी ती धरून थांबवली. मी गुडघ्यांवर बसले, सगळ्यात खालच्या ओंडक्यावर हात ठेवला आणि बाहेरच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यापासून मोजायला लागले.